बेचाळिसावं घर

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर माझ्या नावापुढे अभ्यासाचे विषय दिलेले आहेत: ग्रामीण संस्था, सामाजिक बहिष्कार, सर्वेक्षणपद्धती. नवे सहकारी ते वाचून विचारतात, "मॅडम, या विषयाकडे कशा वळलात?" मी ठरलेलं उत्तर देते की कॉलेजात असताना क्षेत्रकार्य केलं, त्यातून गोडी लागली. गोडी कसली डोंबलाची! एकोणीस वर्षांची असताना मी माझ्या सख्ख्या मावशीच्या घराकडे बोट दाखवून तो गोठा आहे असं सांगितलं. त्याचा राग मला अजून आहे. कुणाकुणाचा, याची यादी माझ्याकडे आहे. यादीत पहिलं नाव माझं आहे, पण ते एकटं नाही, आणि स्वतःला दोष देऊन बाकीच्यांना मोकळं सोडायची माझी तयारी नाही.

महाडमध्ये आमचं घर बाजारामागच्या आळीत होतं, नदीचं पाणी वर्षाआड ज्या भिंतींना हात लावून जातं त्या रांगेत. आईच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला असे. पाणी चढायला लागलं की माळ्यावर काय आधी न्यायचं आणि काय नंतर, ते त्यावर ओळीने लिहिलेलं. तांदळाचा डबा, दाखल्यांची पिशवी, शिलाई मशीनचं डोकं, गाद्या, मग देव. देव पाचवे का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "त्यांना पोहता येतं." बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे. सकाळी कंपनीच्या बसचा हॉर्न नाक्यावर दोनदा वाजे. दुसऱ्या हॉर्नला बाबा चपला घालत असत आणि आई डबा त्यांच्या हातात कोंबत असे. डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, नाहीतर सुकट. संध्याकाळी त्यांचा शर्ट वेगळ्या बादलीत पडायचा, कारण त्याचा वास बाकीच्या कपड्यांना लागे. अशा दोघांची मी एकुलती मुलगी. मला याद्या करण्याचा नाद लागला नसता तरच नवल. वाचलेल्या पुस्तकांची यादी, कोणी कोणतं पुस्तक नेलं त्याची यादी, वर्गातल्या कोणत्या मुलींची लग्नं ठरली त्याची यादी. यादी केली की जग आवरल्यासारखं वाटे. हे वाटणं किती घातक आहे ते मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आईचं माहेर पोलादपूरच्या वर, घाटरस्त्यावरच्या एका फाट्यावर एसटीतून उतरून तासभर चढल्यावर लागणाऱ्या गावात. नाव लिहीत नाही. या प्रकरणातली बरीच माणसं अजून तिथे राहतात. आईची धाकटी बहीण लक्षीमावशी त्याच गावातल्या दुसऱ्या वाडीत दिलेली. मी शाळेत असेपर्यंत ती महिन्या-दोन महिन्यांनी महाडला बाजाराला यायची. डोक्यावरच्या पाटीत वरीचे तांदूळ, नाचणीचं पीठ, दिवसांप्रमाणे करवंदं नाहीतर कोवळा फणस. मागच्या पडवीत दोघी बहिणी सुकट निवडत बसायच्या आणि गावातल्या एकेकाची नक्कल करून इतक्या हसायच्या की बाबा रेडिओचा आवाज वाढवत. मग एका वर्षी तिचं येणं थांबलं. मी विचारलं तर आई म्हणाली, "त्यांचं गावकीशी बिनसलंय." एवढंच. आणि कढईत कालथा जरा जोरात फिरवला.

गावकी म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची बैठक. देवळात बसते, पालखीचा मान ठरवते, झऱ्याची साफसफाई वाटून देते, भांडणं मिटवते. मावशीच्या शेतातून बैठकीने एक वाट काढायची ठरवली. मावशीचा नवरा, मी त्याला काका म्हणत असे, नको म्हणाला. बैठकीने ऐकलं नाही, म्हणून तो महाडच्या कोर्टात गेला. गावकीचा निवाडा सोडून बाहेर दाद मागितली, हा त्याचा गुन्हा. देवळात सगळ्यांसमोर नाक घासून माफी मागायला सांगितलं, त्याने मागितली नाही. मग घर वाळीत पडलं. म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना स्वच्छ सांगते. त्या घराशी कोणी बोलायचं नाही. त्यांनी झऱ्यावर पाणी भरायचं नाही. गिरणीवाल्याने त्यांचं दळण घ्यायचं नाही. मेलं तर खांदा द्यायचा नाही. जो हे मोडेल त्याचंही घर त्याच रांगेत. आणि या बैठकीचा अध्यक्ष होता माझा आबामामा, आईचा आणि लक्षीमावशीचा सख्खा भाऊ.

आमच्या कॉलेजात समाजशास्त्राला देसाई सर होते. पुण्याहून आलेले, खादीचा झब्बा, अक्षर मोत्यासारखं. शिकवायचे चांगलं, हे मी आजही नाकारत नाही. त्यांचा लाडका विषय गावातला एकोपा. कोकणातली गावकी म्हणजे कायद्यावाचून चालणारी लोकशाही, असं ते फळ्यापुढे डोळे मिटून सांगत. मी ते वहीत लिहून घेत असे आणि मावशीचं घर माझ्या डोक्यात येत नसे. खरंच येत नसे. शिकणं म्हणजे वहीतलं आणि घर म्हणजे घरातलं, अशी माझी दोन कपाटं होती. दुसऱ्या वर्षी सरांनी एका डोंगरी गावाच्या सर्वेक्षणाचं शिबिर ठरवलं. "कुणाची ओळख आहे का वरच्या बाजूला?" त्यांनी वर्गात विचारलं आणि मी हात वर केला. आठ जणांची तुकडी, पाच दिवस, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. गावकीला सरकारकडे नळपाण्याची योजना मागायची होती, तिच्या अर्जाला आमची कुटुंबांची माहिती जोडायची होती. त्यामुळे आमच्या कागदाला वजन होतं.

निघताना आईने डब्यात घावन दिले आणि एक सूचना. "तिकडच्या अंगाला बघू नको गो. आबाला त्रास होईल."

गावात गेल्यावर पहिलं काम यादी. सरांनी शिकवलेली पद्धत अशी: आधी गावातल्या प्रमुख माणसांना भेटा, त्यांच्याकडून घरांची यादी घ्या, त्यावर नंबर टाका आणि ओळीने घरं घ्या. आबामामाच्या ओटीवर आम्ही सगळे बसलो. मामीने नाचणीच्या गरम भाकऱ्या, कुळथाची पिठी आणि ठेचा दिला. मामा गुबगुबीत, हसरा, पोरांत रमणारा माणूस. शर्टाच्या खिशात नेहमी खडीसाखर. वाईट माणसं वाईट दिसत नाहीत, हे लिहिताना मला आनंद होत नाही. ते दिसत असते तर पुष्कळ कामं सोपी झाली असती. त्याने आतून एक वही आणली. देवळातल्या दिवाबत्तीच्या पाळीची. कोणत्या घराची पाळी कधी, ते मानाप्रमाणे उतरवलेलं. "घ्या. आख्खा गाव हाय ह्याच्यात," तो म्हणाला. "आमची भाची हुशार. तिला द्या, ती बरोबर उतरवंल."

मी उतरवलं. वही नवीकोरी होती, अक्षर रेखीव, नंबर एक ते एक्केचाळीस सलग. कुठे खाडाखोड नाही, कुठे एक ओळ मोकळी नाही. मावशीच्या घराचं नाव खोडायला लागू नये म्हणून त्यांनी आख्खी वही नव्याने लिहून काढली होती. आणि मला ठाऊक असूनही, ती वही उतरवताना मला तिचा नीटनेटकेपणा आवडला होता. आज माझे विद्यार्थी गावातून फोनवर यादीचा फोटो मागवतात आणि "मॅडम, यादी आली" म्हणून दाखवतात. मी त्यांना तो फोटो बंद करून गावात सकाळी चालत फिरायला पाठवते. दोरीवरचे कपडे मोजा म्हणते. जिथे परकर आणि शाळेचे गणवेश वाळताहेत आणि यादीत घर नाही, तिथे आधी जा. ते कंटाळतात. एकाने तर मला सांगितलं की ही पद्धत जुनी झाली. मी त्याचा प्रकल्प दोनदा परत केला.

माझ्या जोडीला शमीम होती. महाडचीच, वडील आखातात, घरी आजी आणि तीन बहिणी. बोलायला फटकळ. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खालच्या वाडीतलं शेवटचं घर संपवलं. वाट एका बांधाशी संपत होती. बांधापलीकडे कौलारू घर, समोर वेलाचा मांडव, दोरीवर कपडे.

शमीमने यादी उलटसुलट केली. "सुनंदा, हे घर कितव्या नंबरचं?"

"घर नाही ते. गोठा आहे."

"तुमच्या गावात म्हशी परकर नेसतात?"

"चल ना, उशीर होतोय."

"अगं, पण माणूस आहे तिथे."

मांडवामागून लक्षीमावशी उभी राहिली. हातात विळा, पदर खोचलेला. अंतर इतकं कमी होतं की आमचं बोलणं तिला ऐकू गेलं नसेल असं मी कधीही, कोणत्याही रात्री वा दिवशी, स्वतःला पटवू शकले नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या यादीकडे बघितलं. मग तिने खाली वाकून पुन्हा वेल तोडायला सुरुवात केली. परतताना शाळेजवळ आल्यावर शमीम म्हणाली, "तिचं नाक तुझंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच शमीम गायब झाली. तासाभराने आली ती सर्वेक्षणाचा भरलेला फॉर्म घेऊन. माझ्या मांडीवर टाकला. बेचाळीस असा नंबर तिने स्वतःच्या हाताने वर टाकला होता. नवरा, बायको, दोन मुली. पाणी कुठून आणता: खालच्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, डोक्यावर. दळण कुठे: जात्यावर. शेवटून तिसरा प्रश्न होता, गावात रक्ताचे नातेवाईक कोण. पुढे शमीमच्या अक्षरात: कोणी नाही.

"मी दोनदा विचारलं," शमीम म्हणाली. "दोनदा तेच सांगितलं तिने. बैस म्हणाली, गूळ-पाणी दिलं, आणि तेच सांगितलं."

सायंकाळी शाळेच्या व्हरांड्यात सरांपुढे ती फॉर्म घेऊन उभी राहिली. सरांनी चष्मा वर करून तो वाचला. त्यांना समजलं नाही असं नाही. एकोप्यावर आयुष्यभर शिकवलेला माणूस होता तो, वाळीत म्हणजे काय ते त्याला पहिल्या ओळीत समजलं.

"गावकीच्या यादीत हे घर आहे का?"

"नाही सर. म्हणूनच तर," शमीम म्हणाली.

"हे बघ, आपण इथे पाहुणे आहोत. अध्यक्षांनी शाळा उघडून दिली, दोन वेळचं जेवण देताहेत. आणि एका घराने टक्केवारी बदलत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "सुनंदा, हे तुझं आजोळ ना? तू सांग. हे घर गावात धरतात का?"

मला दोन उत्तरं देता आली असती. मी म्हणाले, "नाही धरत, सर."

"झालं तर मग," सर म्हणाले आणि फॉर्म माझ्या हातात दिला, कारण तक्ते करायचं काम माझ्याकडे होतं. शमीम माझ्याशी त्या वर्षी पुन्हा बोलली नाही. चांगलं केलं तिने.

तक्ते मी सुबक केले. एक्केचाळीस कुटुंबं, रकाने आखीव, बेरजा बरोबर. सरांनी वर्गात ते सगळ्यांना दाखवले. पुढे त्यांनी त्या गावावर लेख लिहिला, त्यात गावकीचे आभार मानले आणि "संपूर्ण गावाची पाहणी" असं लिहिलं. तो लेख माझ्याकडे आहे. विभागात कोणी जुन्या गावगाड्याच्या मोठेपणाबद्दल गहिवरून बोलायला लागलं की मी तो त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवते. आता ते मला तापट म्हणतात. म्हणोत. घरी मी आईला सगळं सांगितलं, गोठ्यासकट. मला वाटलं ती मारेल. ती शिलाई मशीनवर होती. पाय थांबले, मग पुन्हा चालू झाले. "बरं झालं," ती म्हणाली. "आबाचं नाव राहिलं." तिचाही राग मला आला, आणि ती गेल्यानंतरही तो गेला नाही. बहिणीसाठी ती एकटी रडायची हे मला ठाऊक आहे. त्या रडण्याने लक्षीमावशीच्या घरात एक कळशी पाणी गेलं नाही.

योजना मंजूर झाली. मामाने आमच्या तक्त्यांची प्रत अर्जाला जोडली होती, तिच्यावर कॉलेजचा शिक्का होता. आलेल्या साहेबांनी यादी हातात धरून नळ टाकले. खालच्या वाडीतली पाइपलाइन त्या बांधाच्या अलीकडे थांबली. मी नंतर पावलं मोजली, चाळीस भरली. वाळीत टाकणं हे तोवर गावकीच्या तोंडी होतं. मी त्याला शिक्का मिळवून दिला. पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला, त्यावर मी व्याख्यानं देते, पोलिसांच्या प्रशिक्षणात बोलते. तिथे नेहमी कोणीतरी विचारतं की अशिक्षित लोकांचं प्रबोधन कसं करावं. मला तेव्हा टेबल उलटं करावंसं वाटतं. शिकलेल्यांनी काय केलं ते मला विचारा.

पाणी आल्याची पूजा मे महिन्यात होती. आई आणि मी गेलो. शमीमने भरलेला फॉर्म मी पिशवीत घेतला होता. कशासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. देवळापुढे मांडव, ताशा, नव्या नळाला हार. पंगत मामाच्या अंगणात बसली. भात, वाटाण्याची उसळ, शिरा. मामा वाढपाच्या मागून फिरत होता. माझ्या पानापाशी थांबून त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "बघा रे! हिच्या यादीवर गावात पाणी आलं! ह्या पोरीच्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी म्हणाली, "औक्षवंत हो गो बाय." आणि त्याच वेळी अंगणाच्या खालच्या वाटेने लक्षीमावशी चालली होती. डोक्यावर रिकामा हंडा, कमरेला कळशी, व्हाळाकडे. कोणाचीही मान वळली नाही. तीन वर्षांचा सराव होता. टाळ्याही मध्ये थांबल्या नाहीत.

मी पानावरून उठले.

"सुनंदा, बस खाली," आई म्हणाली.

"शिरा वाढायचाय अजून," मामी म्हणाली.

मामा अजून हसतच होता. "कुठं चाललीस गो?"

"मावशीकडे."

तेव्हा हसणं गेलं. "भरल्या पानावरनं उठलीस. ती वाट उतरलीस ना, तर पुना ह्या ओटीवर चढायचं नाय. पावण्यांसमोर सांगून ठेवतो."

तो शब्दाचा पक्का निघाला. मीही.

व्हाळ बराच खाली होता. मेमधलं पाणी, खडकाच्या खोबणीत साचलेलं. वाटीने भरायला लागे. मावशी वाटीने हंडा भरत होती. मी शेजारी बसले. हंडा भरल्यावर तिने कळशी माझ्याकडे सरकवली, म्हणून मी ती भरली आणि कमरेला घेतली. मला सवय नव्हती, चढताना अर्धी कळशी माझ्या ड्रेसवर सांडली. मामाच्या अंगणाखालून आम्ही दोघी गेलो. पंगत चालू होती. मी वर बघितलं तेव्हा आई पानाकडे बघत होती.

घरात शिरून मावशीने दोन्ही भांडी रांजणात ओतली. रांजण पावही भरला नाही. मी पिशवीतून फॉर्म काढला. हात ओले होते, कागदाला डाग पडला. "मावशी, हा चुकीचा राहिला," मी म्हणाले. "इथे नातेवाईक कोणी नाही लिहिलंय. मी खोडून माझं नाव घालते. आणि आईचं. मग नवा तक्ता करून पंचायतीत देते, मी स्वतः जाते, नळ..."

"नळाचं कर तू," मावशी म्हणाली. "कुठं जायचं तिथं जा, भांड, काय ते कर. माझ्या पोरींच्या माना गेल्या वझ्यानं."

"हो. आणि हे..."

"ते नाय खोडायचं."

मी पेन काढून बसले होते.

"त्या मुसलमानाच्या पोरीनं मला इचारलं तवा जे व्हतं ते मी सांगितलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तू बांधावर हुबी राहून काय बोललीस ते मी ऐकलं, आन् दुसऱ्या दिशी सांगितलं. ते खरं हाय. आज एक कळशी आणलीस म्हणून कालचा कागद बदलायचा नाय."

मी पेनाला टोपण लावलं. तिने हंडा उचलून डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि कळशी पायाने माझ्याकडे ढकलली.

"चल. अजून चार खेपा हायत."